पांढऱ्या अ‍ॅप्रनवरचे निळे ठिपके

माझ्या आत्याला गल्लीत सगळे भिंगरी म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण तिला माहीत आहे, आणि मनातून आवडतंही. ती शिंपीण आहे. दिवसाचे आठ तास पायमशीनवर बसते. बसते असं आपण म्हणायचं. पाय पॅडलवर, एक हात कापडावर, दुसरा खिडकीतून कुणाला तरी 'थांब, तुझी बाही झालीय' असं खुणावतोय, आणि ओठांत चार टाचण्या, त्याही स्वस्थ नाहीत. मशीन बंद असलं तरी तिचा उजवा पाय चालूच असतो. जेवताना, बँकेच्या रांगेत, कुणाच्या घरी सांत्वनाला गेली तरी. लहानपणी मी तिच्या शेजारी झोपायचे तेव्हा मला वाटायचं, सगळ्यांच्याच आत्या झोपेत शिवतात.

लग्न तिनं केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणते, "विचारलं होतं की एकदोघांनी. पण त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत मी तिथं थांबायला हवी ना!"

मी नऊ वर्षांची असताना आई गेली. बाबा, म्हणजे आत्याचा भाऊ, कामासाठी कायम दूर, म्हणून मी एका पिशवीसकट आत्याच्या दारात उभी राहिले. तिनं मला जवळ घेतलं नाही. टेप घेतला. "हात वर कर," म्हणाली. "वळ. श्वास सोड, पोट नको आत घेऊ." संध्याकाळी माझ्या अंगात नवा फ्रॉक होता, आणि आतून एकही दोरा लोंबत नव्हता. तिचा नियमच होता तो. बाहेरची बाजू जगासाठी, आतली आपल्यासाठी, तेव्हा आतली जास्त नीट हवी. तिचं जवळ घेणं असं असतं. मला ते कळायला बरीच वर्षं लागली, कारण मी तापट आहे, आणि तापट माणसाला बऱ्याच गोष्टी उशिरा कळतात. तक्रार मात्र तिला करता येत नाही. वाढवलं तिनंच. आपलेच दात, आपलेच ओठ.

दातांचा विषय आलाच आहे, तर आता त्याच्याकडेच वळते.

आत्या दोरा दातानं तोडायची. कात्री हाताशी असायची, पण कात्री उचला, कापा, ठेवा, यात तीन हालचाली. मान खाली घालून कटकन तोडलं की एक. चाळीस वर्षं दिवसाला शंभर दोरे धरा. समोरच्या वरच्या दाताला खालच्या कडेला एक खाच पडली होती, दोरा बरोबर बसेल एवढी. ती खाच ती गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवायची. मी तोवर दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले होते. "आत्या, अगं हा दात एक दिवस फुटेल," असं सांगून सांगून माझ्या दाताच्या कण्या झाल्या. पण फुटायचा होता तिचाच, आणि तो फुटला. बॅगेला चेन लावताना जाड नायलॉनचा दोरा होता. दात उभा चिरला, पार मुळापर्यंत.

त्यानंतरचे अकरा महिने मी विसरलेले नाही. काढता-घालता येणारा तात्पुरता दात तिला दिला होता, तो तिनं दुसऱ्याच दिवशी टाचण्यांबरोबर कापडावर थुंकला आणि परत घातला नाही. मग ती तोंडावर हात ठेवून बोलायला लागली. माप घ्यायला दोन हात लागतात आणि तिचा एक सतत तोंडावर, म्हणून मापं बंद झाली. माणसं 'बरं, नंतर येतो' म्हणून जायला लागली. मग एक दिवस तिनं मशीनवर चादर टाकली. कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि पाय मात्र फरशीवर चालू. टप, टप, टप. शिवायला काही नसताना चाललेला तो पाय ऐकून मला वेड लागायची वेळ आली होती.

शेवटी माझ्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी तिला इम्प्लांट बसवलं. म्हणजे हिरडीखाली हाडात टायटॅनियमचा एक स्क्रू, आणि त्यावर दातासारखी दिसणारी कॅप. कॅप बसली त्या दिवशी आत्यानं आरशात पाहिलं, घरी आली, चादर ओढून काढली आणि खिडकीतून दिसेल त्या पहिल्या माणसाला ओरडून विचारलं, "काय हो, त्या शर्टाची कॉलर अजून तशीच?" तो बिचारा कुणी परकाच निघाला.

हे झालं तीन वर्षांपूर्वी.

या वर्षी मला एका पांढऱ्या रिळावर तांबूस डाग दिसला. मी विचारलं, तर म्हणाली बोटाला सुई लागली. बोट दाखव म्हटलं, तर म्हणाली भरून आलं. एका तासात? मी तिची हनुवटी धरली आणि वरचा ओठ वर केला. आठ वर्षं मी दुसऱ्यांची तोंडं बघते. कॅपच्या वरची हिरडी लालभडक सुजलेली होती, आणि बोटानं जरा दाबली तर कडेनं पिवळट पू आला.

"किती दिवस?"

"झाले थोडे."

"थोडे म्हणजे?"

"तुझ्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे पोलीस चौकीत गेल्यासारखं वाटतं," ती म्हणाली आणि मशीन जोरात चालू केलं.

मॅडमनी तपासलं. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई आमच्याकडे असते. ती हिरडी आणि दाताच्या मध्ये हलकेच सोडायची आणि किती आत जाते ते वाचायचं. मॅडम आकडे सांगतात, मी लिहिते. निरोगी असेल तर तीन, चार. आत्याचे आले सहा, सात, सहा, आणि सळई जिथं जिथं लागली तिथं रक्त. एक्स-रेमध्ये स्क्रूच्या कॅपजवळच्या आट्यांभोवतीचं हाड झिजलेलं दिसत होतं.

"हिरडी सुटून खिसा झालाय," मॅडम तिला म्हणाल्या. "त्यात जंतू बसलेत."

"सात मिलिमीटरचा खिसा?" आत्या म्हणाली. "बाई, त्यात तर टाचणी राहील."

"त्यात काय राहिलं होतं ते बघा आता." मॅडमनी साफसफाई सुरू केली, आणि चिमट्याच्या टोकाला काहीतरी धरून दिव्याखाली आणलं. तांदळाच्या दाण्याएवढाही नाही, त्याहून बारीक, ओला, मरून रंगाचा दोऱ्याचा तुकडा. मला तो रंग माहीत होता. पंधरा दिवसांपूर्वी आत्यानं एका बाईंच्या पडद्यांना झालर लावली होती. म्हणजे नवा दात बसवूनही ही दोरे दातानंच तोडत होती, आणि मला सांगत होती कात्रीनं कापते म्हणून.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मॅडमनी मला बाहेर जाऊन हात धुऊन यायला सांगितलं, हात स्वच्छ असताना.

गोळ्यांचे दोन कोर्स झाले. दोन्ही वेळा सूज उतरली आणि दोन्ही वेळा परत आली. स्क्रूचा पृष्ठभाग खडबडीत असतो, हाड धरून राहावं म्हणून. पण हाड सरकलं की त्याच खडबडीत भागात जंतू चिकट थर करून बसतात, आणि तिथं औषध नीट पोचत नाही. तेव्हा मॅडमनी उजेडाचा उपचार करायचं ठरवलं. आमच्याकडे तो यंत्रासकट वर्षभरापूर्वी आला होता. आधी आट्यांची नीट सफाई करायची. मग बोथट सुईनं खिशात निळं औषध भरायचं, म्हणजे एक रंगच. काही मिनिटं थांबायचं, म्हणजे तो रंग जंतूंच्या अंगात मुरतो. जास्तीचा धुऊन काढायचा. मग पेनसारख्या दांडीचं बारीक टोक आत धरून लाल उजेड सोडायचा, प्रत्येक बाजूला एकेक मिनिट. उजेडानं तो रंग जागा होतो आणि ज्याच्या अंगात मुरलाय त्या जंतूला मारतो.

"भाजतं का?" आत्यानं विचारलं.

"नाही. कळतही नाही. फक्त हलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि खरं सांगते, ही जादू नाही. कुणाला गुण येतो, कुणाला कमी येतो. तीन वेळा करू. पण दोरा दातानं तोडणं बंद. एकदाही नाही. हाड अजून झिजलं तर मला स्क्रू काढावा लागेल, आणि मग दुसरा बसवायला तिथं हाड उरेल असं मला वाटत नाही."

आत्यानं मान डोलावली. मी तिच्याकडे बघत होते. मला चादर घातलेलं मशीन दिसत होतं.

हलायचं नाही हे भिंगरीला सांगणं म्हणजे पाण्याला उभं राहा म्हणण्यासारखं. पहिल्या दिवशी तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात लाळ ओढायची नळी, ओठ बाजूला धरणारं प्लास्टिक, आणि खुर्चीच्या पायथ्याशी तिचा उजवा पाय. टप, टप. खुर्ची थरथरायला लागली. मॅडमनी दांडी बाहेर काढली. मी पाय धरला, तर डावा सुरू. शेवटी मी माझ्या कमरेचा भार टाकून दोन्ही पायांवर जवळजवळ बसले, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोठ्यानं सेकंद मोजले. लाल उजेड तिच्या ओठातून आरपार दिसत होता. चार मिनिटं. ती आणि मी दोघीही घामानं भिजलो.

उठल्यावर तिनं आरशात पाहिलं. हिरडी निळी, जीभ निळी, ओठांच्या कडा निळ्या.

"शाईची दौत प्यायल्यासारखी दिसतेय."

"उद्यापर्यंत जाईल," मी म्हटलं. "आज तोंड मिटून राहा."

"त्यासाठी तुला निळा रंग लागला होय?" ती म्हणाली. यावर मात्र मला हसू आल्याशिवाय राहिलं नाही.

त्याच सुमारास मॅडमनी तिला चार पांढरे अ‍ॅप्रन शिवायला दिले. मला वाटतं मुद्दामच, तिचं मन लागावं म्हणून. मी घरी मात्र पहारा बसवला. दातांमधली घाण काढायच्या मेणदोऱ्याची डबी मी तिच्या मशीनवर ठेवली, रोज सकाळ-संध्याकाळ वापर म्हणून. कात्रीला धार लावून आणली. येता-जाता विचारायचे, "कात्रीनं ना?" ती म्हणायची, "कात्रीनंच."

काही गोष्टी मला तेव्हाही दिसत होत्या. दिसत होत्या आणि मी त्यांवर चिडत होते. कापड बेतायला ती हल्ली पलीकडच्या दुकानातल्या कटिंग मास्तरकडे पाठवायची. एवढी वर्षं स्वतः कापणारी बाई! विचारलं तर, "डोळे, गं." बरणीचं झाकण मला उघडायला लावायची. "तरुण आहेस ना, मग?" नळ तळहातानं ढकलून बंद करायची आणि तो टपकत राहायचा. चहाचा कप दोन्ही हातांत धरायची. मी म्हणायचे, थंडी वाजते का? म्हातारपणाचे लाड सुरू झाले, असं मी सरळ ठरवून टाकलं होतं. मेणदोऱ्याची डबी तर होती तशीच पडलेली.

दुसऱ्या खेपेला मॅडमनी उजेड द्यायच्या आधी परत मोजलं. सहा, सात, सहा. रक्त. काहीच हललं नव्हतं. मॅडमनी उपचार केला. आत्या गेल्यावर हातमोजे काढत त्या म्हणाल्या, "असं व्हायला नको होतं. काहीतरी रोज तिथं ओढलं जातंय. पुढच्या वेळेपर्यंत असंच राहिलं, तर मी काढायचा विचार करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं अ‍ॅप्रनचं पुडकं माझ्या हातात दिलं. आदल्या दुपारी बटणं लावून संपवलं, म्हणाली. मी दवाखान्यात जाऊन एक अंगात घातला. वरचं बटण लावताना आतली बाजू उलटली आणि बटणाच्या मागे मला एक निळा ठिपका दिसला. मी दुसरं बटण उलटलं. ठिपका. तिसरं. मी अ‍ॅप्रन काढला, बाकीचे तीन उघडले आणि टेबलावर उपडे पसरले. चार अ‍ॅप्रन, प्रत्येकी पाच बटणं, आणि प्रत्येक बटणामागे, दोरा जिथं तुटला होता तिथं, एकेक निळा ठिपका. औषध तोंडात ओलं असतानाच ही घरी जाऊन दोरे तोडत बसली होती. वीस वेळा.

मॅडम मागून येऊन बघत होत्या. त्यांनी एक दोऱ्याचं टोक नखानं उचललं. लांब होतं, चावून पिंजलेलं. "आत्या आतून असं सोडतात?" त्या म्हणाल्या.

मला ते ऐकू आलं. पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त निळं होतं.

शनिवार होता, दवाखाना अर्धा दिवस. दुपारी मी घरी पोचले ती पायताणं न काढताच आत गेले आणि अ‍ॅप्रन मशीनवर आपटला.

"हे काय आहे?"

तिनं बघितलं. पाय थांबला नाही. "धुतल्यावर जाईल."

"जाईल? दात जाईल, आत्या! मॅडम काढायचं म्हणतायत. मी तुझ्या पायांवर बसून मिनिटं मोजते, आणि तू घरी येऊन वीस वेळा तेच करतेस? सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही! कात्री काय पूजायला ठेवलीय?"

"आवाज कमी कर. खिडकी उघडी आहे."

मी खिडकी बंद केली. कात्री उचलली, तिच्या उजव्या हातात कोंबली, रिळाचा दोरा ताणून तिच्यापुढे धरला.

"काप. माझ्यासमोर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कात्रीकडे. बोटं कड्यांत घातली. पाती उघडली, आणि उघडीच राहिली. अंगठा थरथरत होता. तिनं खालचा ओठ दाताखाली धरला आणि जोर लावला, तशी पाती अर्धी मिटली, दोरा दोन पात्यांत वाकडा होऊन तसाच राहिला, आणि कात्री तिच्या हातातून सुटून फरशीवर पडली.

कुणीच ती उचलली नाही.

मी तिचा हात धरला. अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढं आलं होतं, आणि तळव्यावरचा अंगठ्याखालचा भाग, जो फुगीर असतो, तो बसला होता. आठ वर्षं लोकांची तोंडं बघणाऱ्या मला एका घरात राहून हा हात दिसला नव्हता.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. आधी सकाळीच दुखायचं. आता चिमटीत काही राहतच नाही. टीप मारायला काही लागत नाही, कापड नुसतं सरकवायचं. सुई डाव्या हातानं धरते. कापायचंच तेवढं होत नाही."

"आणि डॉक्टर?"

"हात दाखवून अवलक्षण कशाला? ते म्हणणार, काम थांबवा."

"मला तरी सांगायचंस."

"तू काय वेगळं म्हणणार होतीस?" ती म्हणाली. मग बराच वेळ दोऱ्याचं रीळ उलटसुलट करत राहिली. "दात गेला तर तोंडावर हात धरता येतो, पोरी. हातच गेला तर त्याच्यावर काय धरू?"

मला लाज वाटली. इतकी, की हातातला राग कुठे ठेवू ते कळेना. आणि अशा वेळी शहाणं माणूस गप्प बसतं. मी म्हणाले, "मग बंद करू या शिवण. मी कमावते की."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिचा चेहरा मला अजून आठवतो.  तिनं वाकून डाव्या हातानं कात्री उचलली, खणात ठेवली आणि खण बंद केला.

तीन दिवस आम्ही बोललो नाही. ती शिवत होती, पण दोरे तोडत नव्हती. प्रत्येक शिवणीला वीतभर शेपूट तशीच सोडून पुढची शिवण. बुधवारपर्यंत तिच्याभोवती लोंबत्या दोऱ्यांचे तीन कुडते आणि एक परकर झाला होता. एक ना धड, भाराभर चिंध्या. मी संध्याकाळी येऊन कापून द्यायचे, तेही न बोलता. पण दिवसभर मी दवाखान्यात, आणि दिवसभर ती घरी त्या शेपटांमध्ये बसलेली. माझं लक्ष लागेना. मी ट्रे चुकीचे लावले. एका पेशंटला दोनदा गुळण्या करायला लावल्या.

त्याच बुधवारी एका आजोबांना मेणदोरा कसा वापरायचा ते दाखवत होते. रोज चार जणांना दाखवते. डबीतून हातभर दोरा ओढला, झाकणातल्या त्या छोट्याशा पत्र्याच्या दातावर अडकवला, आणि खाली हिसका दिला. तुटला.

मी तशीच उभी राहिले. परत ओढला, परत हिसका दिला. आजोबा म्हणाले, "बाई, मला एवढा नको."

मी माझ्या हाताकडे बघत होते. दोरा नुसता बोटाभोवती गुंडाळलेला होता. अंगठा कुठेच नव्हता.

कपाटात रिकाम्या डब्या होत्याच. आम्ही त्यांत बारीकसारीक वस्तू ठेवतो. मी आठ घेऊन गेले. घरी पोचल्यावर आत्याशी एक शब्द न बोलता मशीनच्या पाटाच्या डाव्या कडेला झाकणं चिकटवायला लागले. पहिलं उलटं बसलं. दुसरं मी इतकं दाबलं की मोडलं. तिसरं बसलं.

"दातांच्या डब्या माझ्या मशीनला?" तीन दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

"दोरा घे. बोटाला एक वेढा दे. इथं अडकव. खाली ओढ. अंगठा नको, अख्खा हात."

तिनं ओढलं. दोरा निसटला. तिनं माझ्याकडे 'झालं समाधान?' अशा नजरेनं पाहिलं. मी तिचा हात धरून कोन थोडा वळवला. तिनं परत ओढलं.

कट.

 तिनं रिळातून आणखी दोरा घेतला. कट. आणखी. कट. मग कुडत्याची शेपूट, परकराची शेपूट. मग कापायला काही उरलं नाही, तर नुसताच दोरा. फरशीवर तुकड्यांचा ढीग झाला. एका रिळाचा चक्क सत्यानाश केला तिनं, आणि जन्मात पहिल्यांदा मी तिला वाया गेलेल्या दोऱ्यावरून टोकलं नाही.

"नायलॉनला नाही पुरायचं हे," ती शेवटी म्हणाली.

"मग नायलॉन नको घेऊस."

"हं." पाय सुरू झाला. "सरक बाजूला, एका बाईचे कुडते आज संपवायचेत. ती बाई येईल सकाळी."

तिसऱ्या खेपेला ती स्वतःहून वेळेआधी आली. लाल उजेडाखाली पाय हललाच, पण तेवढा नाही. मी एका हातानं धरू शकले. मॅडमना मी सगळं सांगितलं होतं. त्या तिला काहीच बोलल्या नाहीत, फक्त निघताना म्हणाल्या, "सहा आठवड्यांनी मोजू." त्यांच्या अंगात तोच अ‍ॅप्रन होता. आत्यानं तो परत मागितला होता, बटणं उसवून नीट लावते म्हणून. मॅडमनी दिला नाही.

ते सहा आठवडे कसे गेले ते विचारू नका. मी रोज तिचा ओठ वर करून बघायचे आणि ती रोज माझ्या हातावर चापट मारायची. डब्यांची पाच झाकणं बोथट होऊन बदलली. मास्तर एकदा येऊन ते झाकण बघून गेले आणि आता त्यांच्या दुकानातही एक आहे, असं आत्या ऐटीत सांगते. मला मात्र झोप लागत नव्हती. दात गेला तर चादर पडणार, आणि या वेळी ती ओढून काढायला तिच्या हातात जोर नसणार, एवढंच डोक्यात फिरायचं.

सहा आठवड्यांनी ती खुर्चीत बसली. मी कागद घेतला. मॅडमनी सळई सोडली.

"तीन," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं.

"चार. तीन. मागच्या बाजूला... पाच. तीन." त्यांनी सळईचं टोक पांढऱ्या बोळ्याला पुसलं आणि मला दाखवलं. बोळा पांढराच होता. "हाड होतं तिथंच आहे, पुढं झिजलेलं नाही. मागचा पाच मला आवडलेला नाही, दर तीन महिन्यांनी बघावं लागेल. पण आत्या, स्क्रू राहतोय."

 मला वाटलं आत्या आता उडी मारून उठेल, पायात चपला सरकवेल आणि 'गिऱ्हाईक थांबलंय' म्हणून पळेल. ती उठली नाही. ओठ मिटले, पुसले. मग पदराखालून उजवा हात काढला आणि आमच्या स्टीलच्या ट्रेवर, सळई आणि आरशाच्या शेजारी, तळवा वर करून ठेवला.

"आता हा बघा," ती म्हणाली.

मॅडम गोंधळल्या. "आत्या, मी दातांची डॉक्टर."

"ते कळतंय मला. पण कुणाला तरी पहिल्यांदा दाखवावा लागतो ना. तुम्ही पटकन काढून टाका म्हणत नाही, एवढं मी बघितलंय." तिनं एक श्वास घेतला. "कुणाकडे जायचं ते सांगा. हिला घेऊन जाते सोबत."

मॅडमनी हातमोजे काढले आणि नुसत्या हातांनी तिचा अंगठा हलकेच धरला. टप, टप असा आवाज येत होता. मी सवयीनं तिचा पाय धरायला खाली वाकले. तिचे दोन्ही पाय स्वस्थ होते. हलत होता तो माझा.